सुनावणीला गेलेला गुलाबी व्हेप

मी एक व्हेप, म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट, बोलतोय. बोटभर लांब, फिकट गुलाबी, आत निकोटिनचा रस आणि त्याला पीचची चव. लिपस्टिकशेजारी ठेवलं तर पटकन ओळखू येऊ नये, असंच मला घडवलं. चीनमधल्या शेनझेनच्या कारखान्यात ज्या बाईनं मला शेवटचं पुसलं, तिनं मला एकदा हुंगलं आणि तोंड फिरवलं.

तिथून मी कोरियात आलो, जोन्जू शहरात, बांग किथे यांच्या दुकानात. किथे भला माणूस. बस चालवता चालवता त्यांनी आयुष्यभर सिगारेट ओढली होती. छाती दुखायला लागली तेव्हा माझ्याच जातीच्या एका व्हेपनं सिगारेट सुटली, म्हणून त्यांनी हे दुकान टाकलं. शाळकरी पोरं आत डोकावली की म्हणायचे, "आधी मिसरूड फुटू दे, मग ये."

पण दुकानाबाहेर त्यांनी विक्रीचं एक यंत्र बसवलं होतं. मोठ्या माणसाचं ओळखपत्र दाखवलं की ते माल द्यायचं. कार्ड त्याला वाचता यायचं, समोर कोण उभं आहे ते दिसायचं नाही.

एका दुपारी यंत्रानं मला खाली टाकलं आणि मला उचललं ते नारेनं. किथेंच्या अकरावीतल्या मुलीनं. किथे आत खुर्चीतच पेंगत होते आणि त्यांचा वाहन परवाना तिच्या मुठीत होता.

नारे पानसोरी शिकायची. ढोलाच्या साथीनं उभ्यानं कथा गायची, म्हणजे सगळा खेळ दमाचा. स्पर्धा जवळ आली होती, परीक्षाही. वर्गातल्या मुली म्हणाल्या होत्या, यानं डोकं शांत होतं. माझ्याआधीच्या पहिल्या व्हेपनं तिला ठसका लागला होता. मग शाळेच्या स्वच्छतागृहात, मग न्याहारीच्या आधी, मग उशीखाली हात घालून ती मला शोधायला लागली. मी तिला शांत करतो असं तिला वाटे. तिला अस्वस्थ करणाराही मीच होतो. एक संपला की ती तसाच दुसरा आणी, पण माझ्या वेळी गोष्ट वेगळी झाली.

"नारे, सूर मध्येच का तुटतोय?" तिच्या गाण्याच्या बाईंनी ढोल थांबवून विचारलं.

"सर्दी आहे, बाई."

"उन्हाळाभर सर्दी?"

नारेनं खाकरून पुन्हा सूर लावला. दप्तरातल्या मला मात्र तिचा श्वास ऐकू येत होता.

तेवढ्यात शहरानं सुनावणी ठेवली. शाळांजवळ आमची दुकानं आणि यंत्रं असावीत का, गोड चवी विकाव्यात का, यावर लोकांनी मत द्यायचं. किथे दुकानदारांतर्फे बोलणार होते. "चल, बाप कसा बोलतो ते बघ," ते नारेला म्हणाले. "येताना गरम रस्साभात खाऊ."

ती मागच्या रांगेत बसली. मी तिच्या बाहीत. तिचा अंगठा माझ्यावरून सारखा फिरत होता, घामानं मी निसरडा झालो होतो.

एका शाळेतल्या नर्सबाई बोलल्या. मुलं चालू तासातून उठून बाहेर जातात, हात थरथरतात, म्हणाल्या. मग किथे उभे राहिले.

"माझ्याकडून एकाही लेकराला हे मिळालेलं नाही. बाहेरचं यंत्रसुद्धा ओळखपत्राशिवाय उघडत नाही. उगाच आमच्यावर खापर फोडू नका."

दुकानदारांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबायच्या आत नारे उभी राहिली होती. तिनं मला बाहीतून काढून वर धरलं.

"हा त्याच यंत्रातून घेतला," ती म्हणाली. "ओळखपत्र तुमचं होतं, बाबा."

सभागृहातल्या माना मागे वळल्या. किथे माझ्याकडे बघत होते. त्यांनीच मला खोक्यातून काढून यंत्रात लावलं होतं, त्यांनी मला ओळखलं.

"किती दिवस झाले?" त्यांनी विचारलं. ध्वनिक्षेपक चालूच होता.

"वसंतापासून. सोडायचं म्हणते, जमत नाही."

"किथे, पोरीला घेऊन जा," पुढच्या रांगेतला दुकानदार दबक्या आवाजात म्हणाला. "घरचं घरी निस्तर."

अध्यक्षबाईंनी विचारलं, "बांगसाहेब, तुम्हाला पुढे बोलायचंय?"

"बोलायचंय." त्यांनी ध्वनिक्षेपक जवळ ओढला. "माझी सिगारेट यानं सुटली, ते खोटं नाही. पण शाळेजवळ यंत्र नको. गोड चवही नको. माझं आधीचं म्हणणं मी मागे घेतो."

"आमच्या पोटावर पाय देतोयस तू," तोच दुकानदार म्हणाला.

"देतोय," किथे म्हणाले. "माझ्याही देतोय."

बाहेर गाडीत बसताच किथेंनी तिच्यापुढे हात पसरला. मी आता किथेंच्या खिशात होतो. नारेचा गुडघा हलायला लागला.

"बाबा, एकदाच द्या. शेवटचं."

"नाही."

"तुम्ही ओढता ते चालतं?"

 किथेंचा हात दुसऱ्या खिशाकडे गेला. तिथं त्यांचा स्वतःचा व्हेप होता, काळा, जुना. तो त्यांनी बाहेर काढला, थोडा वेळ हातात धरला. मग आम्हा दोघांना समोरच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. पुढे बापाचा गुडघाही हलायला लागला, हे मला आतून कळत होतं.

मी अजून त्याच कप्प्यात आहे. नियमाचा निकाल लागायचाय. नारे त्या स्पर्धेला गेली नाही. यंत्राची जागा मात्र आता रिकामी आहे. परवा कुणीतरी हे कुलूप हलवून पाहिलं. बाप होता की लेक, मला समजलं नाही.

माझ्यात रस अजून शिल्लक आहे. कुणीही ओठांशी नेलं तर मी पेटेन, वय विचारणार नाही. नकार देता येईल असं मला कुणी घडवलंच नाही. म्हणून तुम्हाला विनवतो, माझ्या वतीनं तेवढं 'नाही' तुम्ही म्हणा.