साहेबांना पुरायचं की जाळायचं

"साहेब गेले," असं दादाने सकाळी चहाच्या टेबलावर जाहीर केलं, आणि आत्याने हातातला कप खाली ठेवला.

साहेब म्हणजे घरातलं कासव. वय कुणालाच ठाऊक नाही, स्वभाव मात्र जुन्या हेडक्लार्कचा: बोलावलं तर येणार नाहीत, आणि आले तर हलणार नाहीत. मागच्या खोलीत, पेंढ्याच्या पेटीत त्यांचा मुक्काम, आणि त्याच खोलीत आत्याचा पलंग. तीस वर्षांपूर्वी आत्या आणि दादा यांच्या वडिलांनी शेवटच्या आजारात सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "साहेब जिवंत आहेत तोवर मागची खोली त्यांची, आणि त्यांचं करणारीची." वडील मोठे धोरणी. बिनलग्नाच्या मुलीला खोली दिली असती तर दादाने घर डोक्यावर घेतलं असतं. कासवाला दिली म्हणून तो नुसता हसला. कासवं किती जगतात हे त्याने नंतर कधीतरी वाचलं. त्यानंतर या विषयावर तो कधी हसला नाही.

दर थंडीत साहेब मान आत ओढून झोपायचे. यंदा थंडी सरत आली तरी मान काही बाहेर येईना.

"झोपलेत रे," आत्या म्हणाली.

"मनाची तयारी कर गं आता, आत्या," भाचा, म्हणजे दादाचा मुलगा, म्हणाला. त्याच्या आवाजात एवढी माया होती, की आत्याला तिथेच संशय आला. भाचा घरी बसून नोकरी करायचा, आणि ऑफिस थाटायला मागच्या खोलीवर त्याचा केव्हापासून डोळा होता.

आणि मग घरात साहेबांच्या प्रेमाला नुसतं भरतं आलं. तीस वर्षं 'ते घाणेरडं' म्हणणाऱ्या वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला. दादाने तर पाळीव प्राण्यांचं दहन करणारी जागा फोनवर शोधूनही ठेवली होती.

"दहन नको, पुरूया," आत्या म्हणाली. "मागच्या अंगणात. चुकून जाग आलीच, तर उकरून वर तरी येतील."

"म्हणूनच तर दहन!" दादा बोलून गेला आणि लगेच सावरला. "म्हणजे... सन्मानाने गं. एवढ्या वर्षांचे साहेब आपले."

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी साहेबांना उलटंसुलटं केलं, नळी लावली आणि खांदे उडवले. "या कवचातून काय ऐकू येणार? थंडीत यांचं हृदय चालतं की नाही, तेही कळत नाही. खात्रीची खूण एकच, वास. गेले असतील तर वास सुटेल. शुक्रवारी येते मी. तोवर काही करू नका."

झालं! दुसऱ्या दिवसापासून घरातली माणसं सकाळी उठून दात घासायच्या आधी पेटीपाशी येऊ लागली. दादा वाकून वास घ्यायचा, वहिनी लांबून घ्यायची, भाचा दोन्ही नाकपुड्या फुगवून घ्यायचा. कुणालाच काही यायचं नाही, आणि तिघंही खोट्या पडलेल्या ज्योतिष्यासारखी तोंडं करून परत जायची.

बुधवारी पहाटे मात्र आत्याला वास आला.

तिने बत्तीस वर्षं लाँड्रीत डाग काढण्याचं काम केलं होतं. कपडा हातात घेण्याआधी डाग कशाचा आहे ते तिचं नाक सांगायचं. पेटीतून येणारा वास मंद होता, गोडसर होता, आणि कुजल्याचा होता. पहिल्यांदा मनात आला तो तिचा पलंग, मग खिडकी, मग टॉवेलची खुंटी. साहेब त्यानंतर आले. या क्रमाची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

तिने व्हिनेगर आणि सोडा काढला. साहेबांचं कवच पुसलं, वरचा पेंढा बदलला, खिडकी सताड उघडली. मंडळी आली, वाकली, हुंगून गेली. कुणाला पत्ता लागला नाही. गुरुवारीही तेच. दादाच्या तोंडावरची निराशा बघून आत्याला मनातून गुदगुल्या झाल्या.

शुक्रवारी वास वाढला. आत्या कवचाची कड घासत होती, कॉलर घासतात तशी, आणि एकदम तिचा हात थांबला. तीस वर्षं आपल्या हातून खाल्लेला जीव, आणि आपण त्याला खोलीसाठी शर्टासारखा धुतोय. तिला स्वतःची किळस आली. ती उठली आणि सरळ टेबलापाशी गेली.

"गेलेत साहेब. बुधवारपासून वास येतोय. मीच घालवत होते."

कुणी तिला एका शब्दाने बोललं नाही. बोलायला वेळ कुणाला होता? दादाने डॉक्टरीणबाईंना "आता कशाला तुम्हाला त्रास" असा फोन केला. भाच्याने तोंड पाडलं, आणि पाडलेल्या तोंडानेच मापाची टेप आणली. आत्या पलंगावर बसलेली असताना त्याने भिंतीवर पेन्सिलीने खुणा केल्या: टेबल, खुर्ची, कपाट.

"तेवढं पुरायचं बघ ना रे, दादा," आत्याने शेवटचं म्हणून पाहिलं.

"आता हट्ट नको," दादा म्हणाला.

दहनाची जागा म्हणजे एक पत्र्याची शेड होती. आत भट्टी तापत होती. भट्टीवाल्याने साहेबांना भट्टीशेजारच्या लोखंडी टेबलावर ठेवलं आणि फॉर्म पुढे केला. 'नातं' या रकान्यात दादाने 'कुटुंबातील सदस्य' असं ठसठशीत लिहिलं. मग भाच्याने फोन रोखला, आणि दादाने त्यात बघून भाषण सुरू केलं, "साहेब आमच्या घराचा आधार होते. त्यांच्या जाण्याने जी पोकळी..."

"अहो," भट्टीवाला म्हणाला, "तुमचे सदस्य हलायला लागलेत."

भट्टीच्या उबेने साहेबांनी आधी एक पाय काढला, मग दुसरा, आणि मग मान बाहेर काढून, ठेवल्या जागेवरून न हलता, दादाकडे बघितलं. मागच्या पायाच्या बेचक्यातून, झोपण्याआधी आत्याने दिलेल्या भोपळ्याची एक कुजलेली फोड टेबलावर पडली. आत्याला पेटीतला तोच गोडसर वास आला, आणि ती हसता हसता रडायला लागली.

"नीट बघा हो," दादा म्हणाला. "उष्णतेने हलत असेल."

"उष्णतेने मान वर करून बघतंय होय तुमच्याकडे?"

"नाही, म्हणजे... आता इथवर आलोच आहोत. फॉर्मही भरलाय."

भाच्याचा फोन अजून चालूच होता. भट्टीवाल्याने दादाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, फॉर्मचे दोन तुकडे केले, साहेबांना उचलून आत्याच्या हातात दिलं आणि म्हणाला, "ताई, यांना यांच्यापासून जपा."

घरी आल्यावर साहेबांनी कोबीची तीन पानं खाल्ली आणि 'टेबल' लिहिलं होतं त्याच्या खाली बैठक मारली. थोड्या वेळाने दारात भाचा आला, हातात खोडरबर घेऊन.

"आत्या, त्या खुणा पुसून देतो."

"राहू दे."

पेन्सिलीचा डाग सगळ्यात सोपा. नुसता पावाचा तुकडा फिरवला तरी निघतो, हे आत्याइतकं कुणाला ठाऊक नसेल. तिने फक्त पलंग थोडा सरकवला, आडवं झाल्यावर त्या खुणा समोर दिसतील इतका.