चढाच्या गाडीला शर्यतीचं हेड

माझ्या काळ्या तोंडाकडे बघून नाक मुरडू नका, मित्रांनो. मी एका जुन्या मोटारीचं सिलिंडर हेड आहे. इंजिनाच्या माथ्यावर घट्ट बसायचं, खालच्या जाळावर झाकण धरायचं, बाहेरची हवा आत घ्यायची आणि धूर बाहेर घालवायचा, हे माझं काम. लोक मला 'ते हेड' म्हणतात. म्हणू देत. जन्मभर जाळावर बसून जिने दुसऱ्याचं घर चालवलं ती बाईच, म्हणून मी बाईसारखीच बोलणार.

माझा जन्म ओतशाळेतला. वाळूच्या साच्यात वितळलेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतलं, निवल्यावर साचा फोडला आणि मी बाहेर आले, अंगभर खरखरीत. मग यंत्रावर चढवून माझं तोंड सपाट केलं. हवा आत यायच्या माझ्या वाटा मात्र अरुंदच ठेवल्या. ती कंजुषी नव्हती, शहाणपण होतं. अरुंद बोळातून वारा कसा सणसणत येतो, तशी इंजिन हळू फिरत असतानाही हवा जोरात आत शिरावी आणि गाडीने ओझं ओढावं, म्हणून. माझं सगळं मोल त्या अरुंदपणात होतं.

माझी गाडी एका ताईची. टेकडीच्या पायथ्याशी तिची लॉन्ड्री होती. टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलाच्या चादरी आणि टॉवेल धुऊन, इस्त्री करून रोज सकाळी वर पोचवायचे, यावर तिचं घर चाले. मागची सीट काढून तिथे छतापर्यंत गाठोडी रचलेली असत. रस्ता भिंतीसारखा उभा, आणि ऐन मध्यावर सिग्नल. थांबायचं तिथे आणि निघायचंही तिथूनच. ताई क्लच सोडायची, मी श्वास ओढून घ्यायची, आणि गाडी म्हशीसारखी शांतपणे वर निघायची. शेजारच्या चकचकीत गाड्या नुसत्या गुरगुरत राहायच्या. ताई थाप मारून म्हणायची, "शाबास गं म्हातारे!" तिने म्हातारी म्हटलेलं मी कधी मनावर घेतलं नाही.

पण जाळ कुणाला सोडतो? हवेच्या वाटांची उघडझाप करणारे व्हॉल्व्ह ज्या कडांवर टेकतात, त्या माझ्या कडा झिजल्या. गाडी सकाळी कुरकुरू लागली, हॉटेलात माल उशिरा पोचू लागला. शेवटी ताईने मला धाकट्या भावाच्या गॅरेजात आणलं. सगळे त्याला 'वादळ' म्हणत. शर्यतीच्या गाड्या तयार करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्याने मला उतरवून टेबलावर ठेवलं. तेवढ्यात स्पेअरपार्टवाले मामा एक नवंकोरं हेड घेऊन आले.

"हे घ्या. कंपनी दुसरी आहे, पण मापं तीच, वाटाही तशाच. बसवा आणि विसरा."

"मामा, आयत्या पिठावर रेघोट्या ओढणारा मी नाही," वादळ म्हणाला. "ताई, असं बीड आता मिळत नाही. कडा नव्या बसवतो आणि हवेच्या वाटा घासून मोठ्या करून देतो. गाडी उडेल बघ!"

"मला उडायचं नाही रे बाबा. मला वर जायचंय."

"अगं, जी उडते ती वर जाणारच की!"

ताई हसली. मग तिचा चेहरा उतरला. "हे बघ, मॅनेजरने बजावलंय. आता एकदा जरी उशीर झाला तर काम दुसऱ्याला. तुझ्या भरवशावर सोडते हं."

ज्याला बोटाला धरून चालायला शिकवलं, त्याला नाही कसं म्हणायचं? मामा आपलं हेड काखोटीला मारून निघून गेले. मला ओरडून सांगायचं होतं, ताई, त्यांना थांबव! पण माझ्या पोटात एवढ्या वाटा आणि एकही जीभ नाही.

वादळाने मला शिकंज्यात आवळलं आणि ग्राइंडर लावला. जमिनीवर किसाचा ढीग पडत होता, आणि तो कीस माझाच होता. तो हळुवार फुंकर मारायचा, बोटाने चाचपायचा, पुन्हा घासायचा. दुष्टाने बिघडवलं तर निदान शिव्या देता येतात. जीव लावून बिघडवणाऱ्याला काय म्हणायचं? माझ्या वाटा रुंद आणि आरशासारख्या झाल्या. त्याचे दोस्त टॉर्च घेऊन बघायला आले. "उस्ताद, हात आहे की जादू!"

मला गाडीवर चढवून तो चाचणीला निघाला. एकटाच, रिकाम्या गाडीत, सपाट मोठ्या रस्त्यावर. शर्यतीच्या गाड्या तो तशाच तपासायचा, तिथे गाठोडी कोण भरतं? भरधाव पळताना रुंद वाटा गोडच लागतात. गाडी खरंच उडाली. परत आल्यावर त्याने ऐटीत किल्ली ताईच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरली. चढ लागला तेव्हाच मला धाप लागली. सिग्नलला दिवा लाल. मग हिरवा झाला आणि ताईने क्लच सोडला. मी श्वास ओढला, पण बोळाचं मैदान झाल्यावर वारा रेंगाळणारच. इंजिन गचका देऊन बंद पडलं. गाडी मागे सरकली. ताईने हँडब्रेक ओढला, पुन्हा पेटवलं, पुन्हा गचका. मागे हॉर्नचा कल्लोळ. "चल गं बाई माझी, एवढी अब्रू राख," ती पुटपुटत होती. मी जीव एकवटला, मित्रांनो. पण जे अंगावर उरलंच नव्हतं, ते कुठून आणणार? शेवटी क्लच जळल्याचा वास सुटला. ताईने गाडी कडेला लावली आणि एक गाठोडं खांद्यावर घेऊन पायीच वर गेली. परत आली तेव्हा गाठोडं खांद्यावरच होतं. मॅनेजरने काम दुसऱ्याला दिलं होतं.

वादळ धावत आला. "मी वाटा पुन्हा भरून देतो ताई, वेल्डिंग करून..."

"बीड आहे ते, कणीक नव्हे पुन्हा थापायला. माझ्या भरल्या गाडीत तू शेवटचा कधी बसला होतास रे?"

तो तसाच मामांकडे गेला आणि ते नवं हेड घेऊन आला. ताईने बसवायला त्यालाच दिलं. मग गॅरेजातल्या अवजड पेट्या गाडीत भरायला लावल्या, त्याला शेजारी बसवलं आणि चढावर नेलं. नवीन पोरीने गाडी वर नेली म्हणे. नेणारच, तिच्या वाटा अजून कुणी घासल्या नव्हत्या. पण हॉटेल गेलं ते गेलंच. आता ताई गल्लीतल्या घरांचे कपडे धुते. गाडी निम्मी रिकामी असते.

मित्रांनो, मुक्या वस्तूचं भलं करायला निघालात तर आधी तिच्याबरोबर तिच्या रस्त्यावरून चला. ती काय ओढते, कुठे थांबते, कुठून पुन्हा निघते, ते बघा. मगच हातात हत्यार घ्या.

मी आता गॅरेजातल्या फळीवर आहे. एखादं गिऱ्हाईक माझ्या वाटेत बोट फिरवून म्हणतं, "वा! काय गुळगुळीत काम केलंय!" तेव्हा वादळ दुसरीकडे बघतो. मीही बघितलं असतं. पण मला मान वळवता येत नाही.