डोक्याकडून जन्मलेली

"भिंतीकडे तोंड कर. टाचा जोड. आता दम सोड," आई इतवारीला म्हणाली.

बांबू तोडताना कंबरेत उसण भरलेला इतवारी तसा उभा राहिला. आईने मणक्यावरून बोट खाली नेलं, दोन्ही अंगठे कमरेच्या हाडांवर टेकवले आणि मान तिरपी करून पाहिलं.

"डावी बाजू वर चढली तुयी."

"म्हंजे मी वाकडा झालो का, काकी?"

"तू पयलेपासूनच वाकडा. कंबर आता झाली."

मग तिने शेजारच्या वच्छलेला हाक मारली. वच्छला पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण उतरते, असं आमच्या धानोऱ्यात सगळेच मानत. आई पाठ पारखायची, वच्छला टाच लावायची. चांद्याच्या शाळेत शिकवणारी मी सुटीत यायचे आणि ओसरीवर पुस्तक उघडून दोघींकडे बघत बसायचे. शिकल्यासवरल्या बाईला एका टाचेचा हेवा वाटतो, हे कुणाला सांगणार? मी डोक्याकडून जन्मले होते.

एका साली धानाच्या रोवणीत आईचीच कंबर गेली; मी रजा काढून आले.

"मी पाहू?" मी विचारलं.

ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी अंगठे टेकवले. हाडं लगेच हाताला लागली.

"उजवी बाजू वर आहे, आई."

"बराबर सांगतलं व माय."

मी हात काढला नाही.

"आता जा, वच्छलाले बोलाव."

वच्छला आली. आई पालथी झाली.

"हलक्यानं व! मी काई सागाचं लाकूड नाई."

"तुमी त सागापेक्षा पक्क्या, काकी."

दोघी हसत सुटल्या. मी आत जाऊन चुलीशी बसले. चहा कुणी मागितला नव्हता, तरी आधण ठेवलं.

दिवाळीच्या सुटीत, मी घरी असतानाच, आई गेली. अंगणात पाणी तापलं. अंघोळीसाठी तिला पाटावर बसतं धरायला मागे कुणीतरी हवं होतं. वच्छला पदर खोचून पुढे आली. तिचे डोळे सुजले होते.

"सरा बाई, मी धरतो. मले काकीची पाठ ठाऊक हाये."

"नको," मी म्हणाले.

मग तिने तांब्या उचलला.

मी मागे बसून आईला दोन्ही हातांनी कवटाळलं. तिची सगळी पाठ माझ्या छातीवर रेलली. वच्छला पाणी घालत राहिली, आणि ते आम्हा दोघींवरून वाहत गेलं.