मागच्या डोंगराची कारवी

विंझरच्या मागचा डोंगर एका सकाळी जांभळा झाला, आणि साळूबाईने हातातली शेणाची पाटी तिथेच गोठ्यात टाकली.

"अवो, फुलली! कारवी फुलली!"

तिचा नवरा कोंडिबा बैलांना वैरण घालत होता. त्याने आधी डोंगराकडे पाहिलं, मग बायकोकडे. पन्नाशी उलटलेली, गुडघे धरून उठणारी ही बाई अंगणभर धावताना पाहून त्याला हसू फुटलं.

"आता च्यार दिस घरात भाकर मिळायची न्हाई म्हन की."

"गडी हायसा न्हवं? थापा तुमीच," ती म्हणाली आणि गाठोडं बांधायला आत पळाली.

कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि साळूबाईला सात वर्षांतून एकदा बहीण भेटते. धाकटी बनाबाई घाटाखाली कोकणात दिलेली. साळूबाई घाटावर केळदला नांदत होती. मधे मढे घाटाची उभी उतरण, दोघींच्या दारात गुरंढोरं, मागे शेतीचा धबडगा. निरोप कुणाच्या हाती द्यावा तर तो वाटेतच विरायचा. शेवटी त्यांच्या आईनेच तोड काढून दिली होती: कारवी फुलली की दोघींनी घाटाच्या तोंडाशी यायचं. डोंगर दोघींनाही दिसतो.

अशा तीनदा भेटल्या होत्या. मागच्या खेपेला उठताना बना म्हणाली होती, "जित्ती आसन तर यीन, आक्का." आणि साळूबाई हसून म्हणाली होती, "म्या न्हाई आले तर समजून जा." असलं अभद्र बोलायला या बायकांची जीभ रेटते तरी कशी, देव जाणे.

त्यानंतर दोन वर्षांत भावाभावांच्या वाटण्या झाल्या. कोंडिबाच्या वाट्याला विंझरची जमीन आली आणि साळूबाईचं बिऱ्हाड केळदहून इकडे हललं. गेल्या साली तिला एकदा वाटलं होतं खरं, की सात वर्षं झाली असावीत. पण मागचा डोंगर हिरवागार. ती मनाशी म्हणाली, डोंगर कशाला चुकेल, आपलंच मोजणं चुकलं असेल. आणि गप्प बसली होती.

ती दोघं पहाटे निघाली. सोबत भाकऱ्या, गूळ आणि कोंडिबाची तोंडाची टकळी. पाऊस सरत आला होता. भातखाचरांतून धुकं उठून डोंगराच्या कमरेला बसलं होतं, आणि त्यावर तोरण्याचं डोकं तेवढं अधांतरी तरंगत होतं. दिवसभर किल्ला त्यांच्या उजव्या हाताला राहिला. कधी जवळ यायचा, कधी धुक्यात बुडून नाहीसाच व्हायचा. वाट पायाखाली होती म्हणून बरं, नाहीतर आपण चालतोय की झोपेत आहोत, हे साळूबाईला सांगता आलं नसतं.

आणि सगळीकडे मधमाश्या. सगळा उतार जांभळा, आणि त्या जांभळ्यातून एकच घुमणारा सूर. भेकर झाडीतून भुंकून गेलं तरी तो सूर मोडला नाही. एका ओढ्याशी शेकरूने या फांदीवरून त्या फांदीवर झेप टाकली. त्याची तांबूस झुबकेदार शेपूट ऊन लागून क्षणभर पेटली. साळूबाई तोंड वर करून बघतच राहिली.

"ही बी समदी कारवी बघायलाच निघाल्याती," ती म्हणाली.

"व्हय. त्यास्नी बी भनी हायत्या खाली कोकनात," कोंडिबा म्हणाला.

वेल्ह्याला एका ओळखीच्या घरी मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी पासलीच्या खिंडीकडची चढण लागली तेव्हा साळूबाईचे गुडघे बोलू लागले, पण तोंड गप्प बसेना. बनाला काय काय सांगायचं, त्याची उजळणी चालली होती. थोरल्याचं लग्न झालं. गाय व्याली. तुझे केस पिकले का गं? माझे बघ, म्हातारी झाले. मधेच हसायची, मधेच डोळे पुसायची.

खिंड ओलांडली. झाडी दाट झाली, अंधारली. दगडांवर शेवाळ, फांद्यांवर शेवाळ, अंगावर झिरपणारा गारवा. डोक्यावरून धनेशाची जोडी गेली. पंखांचा फडफडाट एवढा मोठा, की कुणी धोतर झटकतंय असं वाटावं. पुढे रान संपलं आणि सडा आला. त्या उघड्या कातळावर सोनकी पिवळी आणि तेरडा गुलाबी, नजर जाईल तिथवर अंथरलेला. साळूबाईने चपला काढून हातात घेतल्या. एवढ्या सुंदर जागेवर चपला घालून चालणं तिला बरं वाटेना.

कोंडिबा थांबला.

"माश्यांचा आवाज कुठं गेला?"

तेव्हा तिच्याही कानांना ती शांतता टोचली. सड्याच्या कडेला कारवीचे ताटवे होते. साळूबाई त्यांच्याकडे झपाझप गेली आणि मधेच थबकली. फूल नव्हतं. एकही नव्हतं. राखाडी, कडकडीत वाळलेल्या काड्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या पायाशी वीतभर उंचीची कोवळी रोपं. कारवी एकदा फुलते आणि मरते. तिची पोरं पुढच्या पावसात उगवतात. ही कारवी फुलून, बी टाकून, मरून गेली होती.

"ही तर मागल्या सालीच फुलली," कोंडिबा हळूच म्हणाला.

केळदला होती तोवर ती रोज हाच डोंगर बघत होती. विंझरला गेली आणि विंझरचा डोंगर बघत बसली. प्रत्येक डोंगराची आपली मोजणी असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिलाही ठाऊक होतं. पण बहिणीची वाट बघताना ते तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

घाटाच्या तोंडाशी गेनबा धनगर शेरडं चारत बसला होता. त्याने साळूबाईला निरखून पाहिलं.

"तू कुनाची गं बाई?"

"म्या केळदची. आता विंझरला असते. हितं मागल्या साली खालची बाई आली व्हती का, बाबा?"

"आली व्हती की. तीन दिस बसली हितंच, त्या धोंड्यापाशी. म्या म्हनलं घरला जा, रातचं वाघरू येतंया. ती म्हने, भन येनार हाय. तिसऱ्या दिशी उठली. म्हनली, जित्ती असती तर आली असती. मंग लई रडली. म्या पानी दिलं, पर प्याली न्हाई."

साळूबाई त्या धोंड्यापाशी बसली. खाली कोकण पसरलं होतं. एकामागे एक निळे डोंगर, त्यांच्यामधून चमकणारी नदी, आणि त्या निळ्यात कुठेतरी एक घर, जिथे साळूबाई स्वतः मेलेली होती. कोंडिबाने खांद्यावर हात ठेवला.

"उठ. जाऊ मागारी. पुढल्या बाजाराला धाडू कुनाच्यातरी हाती सांगावा."

"न्हाई," ती म्हणाली. "म्या खाली जानार."

"गुडघं बघ आदी आपलं!"

"तिनं वरीसभर मढं उचललंया माजं. माजं गुडघं एक दिस उचलतील."

कोंडिबाने गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं आणि पुढे झाला. ती जन्मात कधी हा घाट उतरली नव्हती. बसत, सरकत, मुळांना धरत, नवऱ्याला शिव्या घालत ती उतरली. हवा पायरीपायरीने ऊबदार होत गेली. वरची गार दाट झाडी मागे राहिली, साग आले, मग बांबू, मग आंबे. कुठेतरी वानरं खाकरली. ऊन कलताना वाडीची पहिली कौलं दिसली.

घर विचारत विचारत ती दोघं एका अंगणाच्या कडेला पोचली. माजघरातून कुणी बाई ओरडत होती.

"साळू! ए साळू! माती खाऊ नगं, बाय माजे!"

साळूबाईचा पाय अंगणाबाहेरच खिळला. तो बनाचा आवाज होता. पण बनाने जन्मात तिला नावाने हाक मारली नव्हती, कायम आक्काच म्हणाली होती. अंगणात वर्षाच्या आतलं एक पोर रांगत होतं, गालाला माती, हातात माती. जितं माणूस असताना त्याचं नाव कुणी पाळण्यात घालत नाही. गेलेल्या माणसाचंच घालतात, ते परत आलं असं मानून.

साळूबाईला रडू आलं आणि तेवढ्यातच हसूही आलं. तिने पोरीला उचललं, तिच्या तोंडातली माती बोटाने काढली.

"बने," तिने हाक मारली. "अगं, ही कवा आली? आन मला कोन घरात घेनार?"

बनाबाई दारात आली. तिच्या हाताला पीठ होतं. ती ओरडली नाही, पळाली नाही. जवळ आली, साळूबाईच्या गालाला पिठाचा हात लावून बघितला, दाबून बघितला. मग तिचं मनगट धरलं आणि मटकन खाली बसली.

"म्या मेल्याला वरीस झालं म्हनं," साळूबाई म्हणाली. "चुकीचा डोंगर बगत बसले गं, बने."

बना नुसती मान हलवत राहिली. पोरीच्या आईने, बनाच्या सुनेने, चुलीवरची भाकरी करपतेय म्हणून दोनदा हाक मारली, तरी तिने मनगट सोडलं नाही. भाकरी एका हाताने थापता येत नाही. त्या संध्याकाळी त्या घरातल्या भाकऱ्या सुनेनेच थापल्या.