बाकावरचा कर्णधार

नेवेनने पावाच्या तुकड्याने ताटातला लाल रस्सा निपटून घेतला आणि ताट पुन्हा पुढे केलं.

"अजून?" तुन्याने पळी तशीच हवेत धरली.

"घाल. कार्प छान शिजलाय."

अंगणात तीन पायांच्या तिकाटीला टांगलेल्या हंड्यातून वाफ निघत होती. तुन्याने माशाचा मोठा तुकडा शोधून वाढला, वर शेवया घातल्या आणि चुलीतलं लाकूड आत सारलं. शनिवारची दुपार होती. नेवेनच्या खिशात घडी घातलेला कागद होता आणि त्यावर उद्याच्या सामन्यातल्या अकरा जणांची नावं होती. तुन्याचं नव्हतं.

द्रावा नदीकाठच्या या गावच्या फुटबॉल संघात दोघे सहा वर्षं बचावाच्या मधोमध खांद्याला खांदा लावून खेळले होते. मग नेवेन राजधानीतल्या मोठ्या क्लबात गेला, तिथून ऑस्ट्रियात. तुन्या गावातच राहिला. दिवसा साखर कारखान्यात, संध्याकाळी मैदानावर. ऑस्ट्रियात नेवेनच्या कारकिर्दीचा शेवट त्याला कागदावर वाचायला मिळाला. एका बुधवारी कोचच्या दारावर यादी लागली, तीत त्याचं नाव नव्हतं, आणि का नाही ते सांगायला कोणी खोलीबाहेरही आलं नाही. गेल्या जुलैत तो गावच्या संघाचा कोच होऊन परतला तेव्हा त्याने मनाशी एकच ठरवलं होतं, की कोणाला काढायचं झालं तर तोंडावर सांगायचं.

उद्या मोसमातला शेवटचा सामना होता, आणि अडतीस वर्षांच्या कर्णधाराचा, तुन्याचाही. बरोबरी साधली तरी संघ खालच्या वर्गात घसरणार नव्हता. पण समोरच्यांचा डाव्या बाजूने खेळणारा वाऱ्यासारखा पळायचा, आणि दोन आठवड्यांपूर्वी त्याच्याहून मंद खेळाडूने तुन्याला तीनदा मागे टाकलं होतं.

घरातून मांदाकाकू बाहेर आल्या. तुन्याची आई. पांढरे केस दुकानात जाऊन नीट बसवून आणले होते.

"कसे दिसतात रे?" त्यांनी नेवेनला विचारलं.

"झकास. कुठे लग्न आहे का, काकू?"

"लग्न कसलं! उद्या मॅचला येणार आहे मी."

नेवेनचा घास तोंडातच राहिला. वीस वर्षांत काकू मैदानाकडे फिरकल्या नव्हत्या. फुटबॉल त्यांना आवडत नाही, असं सगळं गाव धरून चाललं होतं.

"शेवटची आहे ना त्याची," त्या म्हणाल्या आणि शेवया कमी पडतील की काय ते बघायला आत गेल्या.

नेवेनने ताट खाली ठेवलं. पाणी प्यायला. उठला. तुन्या फाटकापर्यंत सोबत आला आणि फाटकाची कडी धरून उभा राहिला.

"तीन ताटं खाल्लीस," तो म्हणाला. "घाबरलास की तू असाच खातोस. बोल."

"उद्या तू बाहेर बसणार आहेस. तुझ्या जागी तो पोरगा, दोमागोय, खेळेल."

तुन्याने हाताला लागलेला रस्सा पँटला पुसला. बराच वेळ पुसत राहिला.

"मी कोच असतो ना, तर मी मला मार्चमध्येच बसवलं असतं."

"मग बोलला का नाहीस गाढवा?"

"मी का बोलू? पगार तू घेतोस त्याचा." तो हसला, पण मान रस्त्याकडे वळवून. "आईला सांगू नकोस. केस करून आलीय ती."

रविवारी मैदान भरलं होतं. कारखान्यातल्या लोकांनी 'धन्यवाद, कर्णधार' असं लिहिलेली चादर कुंपणाला बांधली होती. भोंग्यावरून नावं वाचली गेली आणि त्यांत तुन्याचं नाव नाही हे लोकांना कळलं तेव्हा निषेधाच्या शिट्ट्या सुरू झाल्या.

"नेवेन बारिच, लाज वाटू दे!" कोणीतरी ओरडलं.

नेवेनने मागे वळून पाहिलं नाही. तिसऱ्या रांगेत मांदाकाकू मांडीवर पर्स घेऊन ताठ बसल्या आहेत, हे त्याने आधीच पाहून ठेवलं होतं.

तुन्या बाकावर दहा मिनिटं टिकला. मग रेषेवर जाऊन उभा राहिला.

"दोमागोय, त्याच्या पायांकडे काय बघतोस? चेंडूकडे बघ! मागे, मागे! हां, आता सोडू नकोस!"

पंचांनी त्याला दोनदा बसवलं. दोनदा तो उठला. मध्यंतरानंतर दोमागोय चेंडू अडवला की आधी तुन्याकडे बघायला लागला. तो वाऱ्यासारखा पळणारा आता कोपऱ्यातच अडकून पडत होता. गोल कोणाचाच नव्हता.

पंच्याऐंशीव्या मिनिटाला नेवेन हळूच म्हणाला, "बूट बांध. उतर आता."

तुन्याने मैदानाकडे पाहिलं. "आत्ता? पोराचा जम आत्ता कुठे बसलाय. बचावाची ओळ मोडेल."

"अरे, काकू आल्यात."

"दिसतंय मला. गप उभा राहा."

शेवटच्या कॉर्नरला दोमागोयने उडी मारून चेंडू डोक्याने दूर फेकला आणि शिट्टी वाजली. संघ वाचला होता. खेळाडू धावत आले ते थेट तुन्याकडे.

नेवेन पायऱ्या चढून तिसऱ्या रांगेत गेला. शब्द त्याने जुळवून ठेवले होते.

"काकू, आज तुन्याला मी..."

"थांब जरा." काकूंनी पर्समधून रुमाल काढून डोळे टिपले. "अठरा वर्षांचा होता, तेव्हा गालाचं हाड मोडून घेऊन आला होता. तेव्हापासून मॅच असली की मी तळघरात जाऊन बसते. बरण्या पुसते. रेडिओसुद्धा लावत नाही. आज म्हटलं, शेवटचीच आहे, डोळे मिटून का होईना, जाऊन बसू."

नेवेन त्यांच्या शेजारी टेकला.

"आणि बघते तर हा तुझ्या शेजारी. सावलीत. नव्वद मिनिटं मी त्याच्याकडेच बघत होते रे. एकदासुद्धा डोळे मिटावे लागले नाहीत."

खाली पोरांनी तुन्याला उचलून हवेत उडवलं.

"अगं बाई, पाडतील ना त्याला!" काकू अर्ध्या उठल्या. तो पुन्हा जमिनीवर उभा राहिलेला दिसला तशा खाली बसल्या, आणि नेवेनची बाही धरून त्यांनी हळू आवाजात विचारलं,

"खेळणं संपलं तरी पुढच्या मोसमातही बसवशील ना त्याला असंच, तुझ्या शेजारी?"

नेवेनने खाली तुन्याकडे पाहिलं. तो दोमागोयला कोपऱ्यात घेऊन, हातवारे करून काहीतरी समजावत होता.

"बसवतो, काकू," नेवेन म्हणाला.