चामड्याच्या कव्हरातली किल्ली

बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चामडं नेत नाहीत, हे निपाणीत वाढलेल्या अभिनंदनला चालता येऊ लागल्यापासून ठाऊक होतं. तरीही बेळगावच्या शोरूममध्ये नव्या गाडीच्या किल्लीसाठी कव्हर निवडताना त्यानं हातशिलाईचं तपकिरी चामडंच उचललं. गाडीबरोबर दोन वस्तू मिळाल्या होत्या : एक गुबगुबीत किल्ली आणि एक पातळ कार्ड. कार्ड गाडीच्या दोन दारांमधल्या खांबाला टेकवावं, तेव्हा कुठं कुलूप लागे किंवा उघडे. किल्ली खिशातून काढावीही लागत नसे. ती जवळपास असली आणि हँडलला हात लागला, की दार आपसूक उघडे. 'कार्ड पुरावा मागतं, किल्ली ओळख ठेवते,' असं तो टिळकवाडीतल्या मित्रांना सांगे. ते वाक्य आपलं आहे, याचं त्याला कौतुकही होतं.

रविवारी सकाळी आईला, राजमतीला, घेऊन तो निपाणीच्या बस्तीत आला. अभिषेकाचा चांदीचा कलश मागच्या सीटवर तांबड्या फडक्यात गुंडाळलेला होता. दारालगत सावली होती, म्हणून गाडी त्यानं जयाबाईच्या पायताणांच्या मांडणीला जवळजवळ खेटूनच उभी केली. आई पुढं गेली. त्यानं कार्ड टेकवून गाडी बंद केली आणि वहाणा, पट्टा, पाकीट जयाबाईपुढं ठेवलं, शेवटी किल्लीही.

जयाबाई बावीस वर्षं इथं पायताणं सांभाळत होती. ती बिल्ला देत नसे. कुणाचा जोड कुठला, हे तिला नुसतं ठाऊक असे, आणि गावही तेवढ्यावरच निर्धास्त असे.

"ह्ये काय, अण्णा?"

"गाडीची किल्ली. कव्हर चामड्याचं आहे ना, आत नेता येत नाही."

"आन् हातात त्ये?"

"तीही किल्लीच. कार्ड."

शेजारी चपला काढणारा गावातला नागोजी हसला. "एटीएमनं गाडी उघडतीय व्हय? मग दारातनं पैसं बी निघत असतील की."

जयाबाईनं किल्ली वहाणांशेजारी ठेवली आणि वर आपला पदर टाकावा तसं एक स्वच्छ फडकं टाकलं.

दर्शन झालं, तीन प्रदक्षिणा झाल्या. उपाध्यांनी कलश मागितला, तेव्हा अभिनंदन बाहेर आला. त्यानं कार्ड खांबाला टेकवलं. खट् असा आवाज होऊन दार उघडायच्या ऐवजी बंद झालं. म्हणजे ते आधी उघडंच होतं. त्यानं पुन्हा कार्ड टेकवलं, आत वाकला. मागच्या सीटवर फक्त तांबडं फडकं होतं.

"गाडी कुणी उघडली?"

"मला न्हाय म्हाईत, अण्णा. मी आत पानी प्याला गेलते जरा," जयाबाई म्हणाली.

"किल्ली कुणाकडं होती?" त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटावा इतका चढला. "मी स्वतः बंद करून गेलो. आता उघडी आहे आणि कलश नाही. किल्ली तुमच्याकडं होती, जयाबाई. मग?"

अंगणातली माणसं थबकली. बस्तीचा कारभार पाहणारे नेमिनाथ आप्पा पायरी उतरून आले. "जयाबाई, असंल तर सांगून टाक. न्हायतर उद्यापास्नं हितं दुसरं कोनतरी बसवाय लागंल."

कुणी सांगितलं नसताना तिनं कमरेची पिशवी फरशीवर उलटी केली. सुपारीचं खांड, गोळ्यांचं अर्धं पाकीट, दोऱ्यानं बांधलेल्या काडीचा चष्मा. त्या तीन वस्तूंकडं वीस माणसं बघत उभी राहिली.

तेवढ्यात मागच्या विहिरीकडून राजमती आली. हातात कलश होता, ओला, नुकताच घासलेला. "काय झालं रं? मीच न्हेला की ह्यो. काळा पडलता, म्हटलं गाळलेल्या पान्यानं धुऊन घ्यावं."

"दार कसं उघडलंस?"

"हात लावला, उघडलं. तूच उघडी ठेवलीस वाटलं."

अभिनंदनला सगळं एकदम कळलं. एका किल्लीनं कुलूप लावून दुसरी त्यानं दारापासून दोन पावलांवर ठेवली होती. फडक्याखाली, त्या देखण्या चामड्यात, ती जागी होती. आईचाच नव्हे, रस्त्यावरल्या कुणाचाही हात लागता तरी दार उघडलं असतं. ती ओळख ठेवत नव्हती. हात कुणाचा, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"गाडीच्या सेन्सरमध्ये काहीतरी घोटाळा दिसतोय, आप्पा," तो म्हणाला. "शोरूमला दाखवतो."

"नव्या गाड्यांचं असंच," आप्पा म्हणाले. "गाडी तुझ्यापरीस शानी निघाली म्हनायची." लोक हसले, पांगले. कुणाच्या तरी वहाणा पुढं सरकवत जयाबाई फरशीवरच्या वस्तू एकेक करून पिशवीत भरत राहिली.

दरवर्षी पर्युषण पर्वानंतर तो तीनशे जणांना फोनवरून 'उत्तम क्षमा' पाठवत असे. कमळाचं चित्र, खाली स्वतःचं नाव. अंगठ्याच्या एका दाबानं सगळ्यांची माफी मागून होई. आता एका माणसासमोर ते दोन शब्द टाळूला चिकटून बसले. तो तिच्याजवळ वाकला आणि हळूच म्हणाला, "जयाबाई, चुकलं माझं."

तिनं मान वर केली नाही. "माझ्या कानात सांगून काय हुतंय? मगाशी वराडलासा तवा समद्यांनी ऐकलंय."

अनवाणी पायांनी तो परत अंगणात गेला. अभिषेकासाठी माणसं बसू लागली होती. आई आपल्याकडं पाहते आहे, हे त्याला न बघताच जाणवत होतं.

"आप्पा, गाडीत काही बिघाड नव्हता," तो म्हणाला. आवाज फुटला, त्यानं पुन्हा सुरुवात केली. "बिघाड नव्हता. किल्ली गाडीजवळ ठेवली, की गाडी कुणाच्याही हातानं उघडते. हे मला कळायला हवं होतं. जयाबाईंनी कशाला हात लावला नव्हता. मी त्यांच्यावर चोरीचा आळ घेतला, आणि मग ते गाडीवर ढकललं."

या वेळी कुणी हसलं नाही. आप्पांनी उपरण्यानं चष्मा पुसायला घेतला. मागून कोणी तरी खोकलं. उपाध्यांनी मंत्र सुरू केला. बसायला जागा होती, पण अभिनंदनला कुणाशेजारी बसवेना. अभिषेक संपेपर्यंत तो बस्तीच्या खांबापाशी उभा राहिला.

बाहेर आला तेव्हा जयाबाईनं वहाणा, पट्टा, पाकीट आणि किल्ली त्याच्यापुढं ओळीनं मांडली. "समदं हाय का बघून घ्या," ती म्हणाली. बावीस वर्षांत तिनं हे कुणाला म्हटलं नव्हतं.

"बघायचं काय त्यात, जयाबाई."

"न्हाय, बघा. आन् हितनं फुडं किल्ली घरीच ठेवून या. मी पायताणंच संबाळीन."

तो खाली वाकला, आणि तिच्या डोळ्यांसमोर, एकेक वस्तू उचलून मोजल्यासारखी पाहू लागला. तोवर ती दुसऱ्या कुणाचा जोड शोधायला वळलीही होती.