घरात ‘म’चं काय काय आहे?

शाळेतली नवी बाई अक्काबाईला पहिल्यापासूनच खटकत होती. अक्षरं गिरवून घ्यायची सोडून ती पोरांना नुसते तोंडाने आवाज काढायला लावायची. अक्काबाईची पहिलीतली नात वैष्णवी घरी येऊन चुलीपुढे बसायची, ओठ घट्ट मिटायची आणि भुंग्यासारखी घुमायची, “म्म्म.” मग दातांतून वारा सोडायची, “स्स्स.”

“हे काय शिकणं म्हणायचं?” अक्काबाई म्हणायची.

“आधी आवाज, आजी. मग त्याचं अक्षर. आवाज जोडले का शब्द वाचता येतो.”

अक्काबाईचा मुलगा यादव आणि सून आशा भात झोडून झाल्यावर दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला गेले होते. सुरगाण्याजवळच्या त्या पाड्यावर घरात आजी-नात दोघीच. नुसत्या आवाजांचंच असतं तर अक्काबाईने कानाआड केलं असतं. पण एका संध्याकाळी वैष्णवी म्हणाली, “आज बाईंनी विचारलं, तुमच्या घरात ‘म’च्या आवाजाचं काय काय हाय?”

“मग तू काय सांगितलं?”

“मडकं. मीठ. मोहाची दारू.”

तव्यावरची नागलीची भाकरी उलटायची राहून गेली.

“आणखी काय विचारलं?”

“‘स’चं विचारलं. मी सांगितलं, सूप. आणि सागाचं लाकूड. आपला नवा खांब!”

अक्काबाईने वळून खांबाकडे पाहिलं. पावसाळ्यात जुना खांब कुजून मोडला, तेव्हा यादवने रानातून सागाचं खोड आणून उभं केलं होतं. शेजारच्या पाड्यावर असाच खांब वनखात्याच्या लोकांनी उभ्या घरातून काढून नेला होता, आणि ते छप्पर कसं खाली बसलं ते तिने स्वतः पाहिलं होतं.

तिने शेजारच्या दत्तूला गाठलं. दत्तू आधीच सगळ्या जगावर संशय घेणारा. तो म्हणाला, “ती योगिनीबाई नाशिकची, तिथल्या द्वारका चौकाकडची. एवढं शहर सोडून ती इथं ‘म्म्म’ करायला आली का? घरात शिरायची गरजच नाय, काकी. पोरांच्या तोंडून झडती घेते ती.”

अक्काबाईला ते पटलं. आता बाईची नाडी तपासायची, असं तिने ठरवलं. सकाळी नातीची वेणी घालता घालता ती म्हणाली, “आज बाईंना सांग, आमच्या घरात सशाचं मटण हाय.”

“पण नाय ना आपल्याकडं.”

“तू सांग तर.”

ससा मारला की वनखातं सोडत नाही. कुणी ससा विचारत आलं, तर बाई चुगलीखोर ठरली.

आणि लगेच दुसऱ्या दिवशी पाड्यावर पांढरी जीप आली. दारावर मोठी अक्षरं होती. दत्तू लांबूनच ओरडला, “आले बघ!”

अक्काबाईने धावत जाऊन खांबाभोवती गोधडी गुंडाळली, दारूची बाटली कणगीत खुपसली आणि ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. पाहते तर वैष्णवी थेट जीपपाशी, दारावरच्या अक्षरांवर बोट ठेवून.

“पहिला आवाज ‘प’ हाय, आजी! वनखात्याला ‘व’ लागतो. हे वनखातं नाय!”

“गप घरात ये!”

“प... शु... पशु!” ती बोट पुढे सरकवत राहिली. “पुढं लय अवघड हाय. ते अजून नाय झालं.”

जीपमधून उतरलेल्या माणसाने हातातली पेटी सावरली. “आजी, गुरं कुठं बांधलीत? लाळ-खुरकताची लस टोचायची आहे.”

त्याने बैल टोचले, गाय टोचली, मग तो पाणी मागून प्यायला आणि पुढच्या घराकडे गेला. सशाचं विचारलं नाही की खांबाचं नाही. दत्तू म्हणाला, “हे उगाच नसतील आले. आज गुरं बघून गेले, उद्या घर बघतील.”

अक्काबाईला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती नातीबरोबर थेट शाळेत गेली.

“बाई, तुम्ही पोरांना घरातलं का विचारता?”

योगिनी व्हरांड्यात आली. “आजी, पुस्तकातले कितीतरी शब्द या मुलांनी कधी ऐकलेलेच नसतात. ओळखीचा शब्द असला की त्याचा पहिला आवाज त्यांना चटकन पकडता येतो.”

“आणि ते शब्द तुम्ही पुढं कुणाला सांगता?”

योगिनीने मागचं वर्गाचं दार ओढून घेतलं. तिचा चेहरा उतरला. “सागाचं ऐकलं तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “मी कुणालाही काही सांगितलेलं नाही, आजी.”

“सशाचंबी नाय?”

“ते खोटं होतं ना? वैष्णवीला सांगताना हसू आवरत नव्हतं.”

अक्काबाई हसली नाही.

“उद्यापासून घरातलं नाही विचारणार,” योगिनी म्हणाली. “रानातलं विचारते.”

“रानातलं तर मुळीच नको!”

“मग काय विचारू?”

“अंगावरचं विचारा. नाक, कान, डोळे. ते कुणी जप्त करीत नाय.”

योगिनीने मान डोलावली. अक्काबाई घरी आली, पण मनातली पाल चुकचुकत राहिली. त्या संध्याकाळपासून तिने नेम केला, की शाळेत सांगायचा शब्द आधी घरात सांगायचा. वैष्णवी एकेक आवाज काढायची, त्याचे शब्द सांगायची, पाटीवर लिहून जोडून वाचायची, आणि अक्काबाई शेजारी बसून मापून-तोलून ठरवायची, “काकडी चालंल. कुऱ्हाड नको.”

होळीला यादव आणि आशा घरी आले, तेव्हा वैष्णवीने खताच्या रिकाम्या गोणीवरचा मजकूर अडखळत का होईना, वाचून दाखवला. आशा तिच्याकडे बघतच राहिली.

“आई, तुम्ही अभ्यास घेतला का हिचा?”

“मी कशाला घेऊ?” अक्काबाई म्हणाली. “मी नुसती नजर ठेवते. ती बाई अजून कळली नाय मला.”